एकांचा डोंगर

पाठाची ओळख : मोठी संख्या समोर आली की पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते, हे काम आपले नाही. या पाठात सतरा अंकांची एक संख्या दिली आहे. ती कशी तयार होते, तिच्यात कोणते गुण आहेत आणि तिचा अभ्यास करणारे शाळामास्तर कोण होते, हे आपण पाहणार आहोत. पाठ वाचताना जवळ वही व पेन्सिल ठेवावी.

मुलांनो, वहीचे एक कोरे पान काढा आणि हे गुणाकार करून पाहा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

उत्तरांकडे नीट पाहा. अंक एकापासून चढत जातात, मध्ये शिखर गाठतात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात. जणू अंकांचा डोंगरच! ज्या संख्येत दोन एक आहेत तिच्या डोंगराची उंची दोन. तीन एक असतील तर उंची तीन. मग नऊ एक घेतले तर काय होईल? तुम्ही लगेच सांगाल :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

उत्तर बरोबर आहे. पण तुम्ही ते गुणाकार करून सांगितले की नुसते अंदाजाने? बहुतेकांनी अंदाजाने सांगितले असेल. गणितात अंदाज करायला हरकत नाही. मात्र अंदाजाच्या मागोमाग एक प्रश्न विचारावा लागतो : असे का होते?

हे कारण शोधायला चौथीत शिकलेला गुणाकार पुरेसा आहे. ११११ ला ११११ ने गुणताना आपण चार ओळी मांडतो. प्रत्येक ओळीत तेच ११११ असतात, फक्त ते एकेक घर डावीकडे सरकतात.

        ११११
      ११११०
    ११११००
  ११११०००
  ————————
  १२३४३२१

आता उभ्या घरांची बेरीज करा. एकक स्थानी एकच १ आहे. दशक स्थानी दोन, शतक स्थानी तीन आणि हजाराच्या स्थानी चार १ एकाखाली एक आले आहेत. त्याच्या पुढे ओळी संपत जातात, म्हणून तीन, दोन आणि एक असे कमी होतात. आपण फक्त एक मोजत आहोत. नऊ एकांच्या गुणाकारात नऊ ओळी येतात, मधल्या घरात नऊ १ जमतात आणि डोंगराचे शिखर ९ होते. कोणत्याही घराची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही. उर्दूत ज्याला तुम्ही ‘हासिल’ म्हणता, तोच मराठीतला ‘हातचा’. हा शब्द लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी त्याचे मोठे काम आहे.

ही संख्या किती मोठी आहे? साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर आठ, दहा किंवा बारा अंक मावतात. हिचे अंक सतरा आहेत. तिथे यंत्र हात टेकते, पण कागद-पेन्सिल हात टेकत नाही. ती वाचायची असेल तर आपल्याकडची जुनी स्थाननामे उपयोगी पडतात. एकं, दहं, शतं पासून कोटी, दशकोटी, अब्ज ही नावे तुम्हांला माहीत आहेत. त्यांच्यापुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी नावे येतात. म्हणजे आपली संख्या अशी वाचता येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी... पुढचे तुम्हीच पूर्ण करा. ही स्थाननामे बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्य यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात आहेत. बादशहा अकबराच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये याच ‘लीलावती’चा फारसीत अनुवाद केला. गणिताच्या पुस्तकाने भाषा बदलली, तरी त्यातले हिशोब बदलले नाहीत.

तिचा आकार मनात यावा म्हणून एक हिशोब करू. समजा, कोणी एका सेकंदाला एक असे न थांबता मोजू लागला. या संख्येपर्यंत पोहोचायला त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर उल्कापाताने तयार झाले. त्याचे वय एका मापनात सुमारे ५२ हजार वर्षे आणि नंतरच्या दुसऱ्या मापनात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले आहे. यांतले मोठे वय घेतले आणि उल्का पडली त्या क्षणापासून कोणी मोजत बसला आहे असे मानले, तरी आजपर्यंत त्याचे काम सातशेव्या भागाच्या आसपासच झाले असते. एवढी मोठी संख्या आपण नऊ ओळींच्या बेरजेत पकडली!

अशा डोंगरासारख्या संख्या फार पूर्वीही लोकांना आवडत असत. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्य या गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या, एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, अशा वर्णनाने आली आहे. त्याच नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिज्मी हा विद्वान हिंदुस्थानी अंकांनी हिशोब कसा करावा यावर पुस्तक लिहीत होता. अरबी लेखक या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणत. आपला आजचा गुणाकार अशा अनेक प्रदेशांतून घडत आला आहे.

विसाव्या शतकात या संख्यांना नवे नाव मिळाले ते महाराष्ट्रातील एका शाळाशिक्षकामुळे. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्याला शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढचे शिक्षण झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवले.

आपल्या जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव स्थानकावरून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ, मनमाड, नाशिक रोड आणि देवळाली या स्थानकांवरून पुढे जाते. मग घाट उतरून कल्याण येते आणि त्यानंतर डोंबिवली. पूर्वी हा मार्ग जी. आय. पी. रेल्वेचा होता. मुंबईपासून तीस मैलांवरच्या या डोंबिवलीला तेव्हा ‘डेम्लो’ असेही म्हटले जाई. याच स्थानकावर कापरेकर गुरुजींना अशा संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. १, १२१, १२३२१ या डोंगरी संख्यांना ते ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणत. १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या विषयावरचा लेख छापून आला.

गुरुजींकडे पदवीनंतरचे गणिताचे शिक्षण नव्हते. मोठ्या विद्यापीठात जागा नव्हती. काही गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. आपल्या कितीतरी पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या घेत. तरी संख्यांचा नाद त्यांनी सोडला नाही. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या अमेरिकन मासिकात त्यांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये देवळालीलाच त्यांचे निधन झाले. आज ६१७४ ला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

आता आपल्या सतरा अंकी संख्येचे गुण एकेक करून पाहू.

पहिला गुण : ही पूर्ण वर्गसंख्या आहे. गणिताच्या तासाला तुम्ही ज्याला ‘मुरब्बा’ म्हणता, त्यालाच मराठीत ‘वर्ग’ म्हणतात. तिचे वर्गमूळ १११११११११ आहे.

दुसरा गुण : ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. उर्दूतही आकडे मात्र डावीकडूनच लिहितात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण या संख्येच्या बाबतीत कोणत्या बाजूने सुरुवात केली याने काहीच फरक पडत नाही.

तिसरा गुण : तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९ आहे. हा योगायोग नाही. गुणाकारात नऊ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत नऊ १ होते. एकूण एक्याऐंशी १ झाले. हातचा कुठेच नव्हता, म्हणून तेच १ उत्तराच्या अंकांत जसेच्या तसे उतरले.

चौथा गुण : या संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. इथे जरा सावध राहा. अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जात असेल तर संख्येलाही ९ ने भाग जातो, हा नियम तुम्ही शिकला आहात. तसा नियम २७ किंवा ८१ साठी नाही. उदाहरणार्थ, १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भागले तर बाकी ९ उरते. मग आपल्या संख्येला ८१ ने भाग का जातो? कारण १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून तिला ९ ने भाग जातो :

१११११११११ = ९ × १२३४५६७९

आता दोन्ही बाजूंचा वर्ग केला की उजवीकडे ९ × ९ = ८१ आलेच. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१ येतो.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकर गुरुजींनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. आपली संख्या हर्षद आहे. पण डोंगर दिसला की तो हर्षदच असतो, असे समजू नका. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे आणि १२१ ही विषम संख्या आहे, तेव्हा ४ ने भाग जाणारच नाही. नऊ डोंगरांपैकी पहिला, तिसरा आणि नववा एवढेच हर्षद आहेत.

पाचवा गुण : तिचे मूळ अवयव सहज सापडतात. नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा : १११, १११, १११. म्हणजे १११११११११ = १११ × १००१००१. यांपैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. ते तपासायचे तर ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. काम लांबलचक आहे, पण अवघड नाही. तर आपल्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. विभाजकांची संख्या विषम आली, हीसुद्धा पूर्ण वर्गसंख्येची खूण आहे.

आता शेवटचा प्रश्न. नऊ एकांचा डोंगर झाला, मग दहा एकांचा का नाही? डोंगर आणखी उंच व्हायला हवा. करून पाहू :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डोंगर मध्येच कोसळला! शिखराच्या जागी दोन शून्ये आली आणि डावीकडच्या चढणीवरचा ८ नाहीसा झाला. हा हातच्याचा प्रताप आहे. मधल्या घरात आता दहा १ जमले. तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे द्यावा लागला. शेजारच्या घरात आधीच ९ होते, त्यांत १ मिळून पुन्हा १० झाले. तिथेही ० आला आणि हातचा पुढे गेला. पुढच्या घरातले ८ त्यामुळे ९ झाले. म्हणून आठ दिसत नाही. अंकांची बेरीज पाहा. गुणाकारात शंभर १ होते, पण उत्तराच्या अंकांची बेरीज ८२ येते. हातचा देताना एका घरातले दहा जातात आणि शेजारी एकच पोहोचतो, म्हणजे दर वेळी बेरीज ९ ने घटते. हातचा दोनदा दिला. १०० मधून १८ गेले, उरले ८२.

विद्यार्थी मित्रांनो, नऊ वेळा जे खरे ठरले ते दहाव्या वेळी खोटे ठरले. ज्याने फक्त नमुना पाहिला होता, तो इथे फसेल. ज्याने ओळी मांडून कारण समजून घेतले होते, त्याला नमुना कुठे मोडणार हे गुणाकार करण्याआधीच सांगता येईल. परीक्षेत गणित पाठ करून उत्तर लिहिता येते, आणि पुष्कळदा ते बरोबरही येते. पण दहावा एक कधी ना कधी समोर येतोच. बाजारातल्या हिशोबात येतो, कर्जाच्या व्याजात येतो, वर्तमानपत्रातल्या आकड्यांत येतो. त्या वेळी ‘आजवर असेच होत आले आहे’ हे उत्तर पुरत नाही. हातचा कुठे आहे, हे शोधावे लागते. कापरेकर गुरुजींकडे या कामासाठी मोठे यंत्र नव्हते. संख्या लिहायच्या, त्यांच्याकडे पाहत राहायचे आणि ‘का?’ असे विचारायचे, एवढेच त्यांचे साधन होते. तेवढे साधन तुमच्या दप्तरातही आहे.

शब्दार्थ

आवाका – झेप, कुवत
हातचा – बेरजेत पुढच्या घरात द्यायचा अंक (हासिल)
बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार – जमा, तफरीक, जर्ब, तकसीम
निःशेष भाग जाणे – भागल्यावर बाकी काही न उरणे
विभाजक – ज्याने निःशेष भाग जातो ती संख्या
मूळ संख्या – १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असलेली संख्या
क्षुल्लक – किरकोळ, मामुली
हात टेकणे – हार मानणे
नाद – छंद, शौक
प्रताप – (येथे) करामत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डेम्लो संख्यांना हे नाव कशावरून मिळाले?
(आ) ‘लीलावती’चा फारसी अनुवाद कोणी व कधी केला?
(इ) हर्षद संख्या कशाला म्हणतात?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नऊ एकांच्या गुणाकारात हातचा का येत नाही?
(आ) दहा एकांच्या गुणाकाराच्या उत्तरात डावीकडचा ८ का नाहीसा होतो?
(इ) कापरेकर गुरुजींना कोणत्या अडचणी आल्या? त्यांनी काय केले?

प्र. ३. ‘हात टेकणे’, ‘मागोमाग’, ‘जसेच्या तसे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा. ‘आवाका’ हा शब्द वापरून मोठ्या संख्येविषयी एक वाक्य लिहा.

प्र. ४. खालील वाक्यांतील काळ ओळखा व वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) गुरुजींनी संख्यांचा नाद सोडला नाही.
(आ) अंक एकापासून चढत जातात.

प्र. ५. करून पाहा.
(अ) १२३२१ ही हर्षद संख्या आहे का, ते भागाकार करून ठरवा.
(आ) सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून दोन संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहून ते चार अंकी करा. जास्तीत जास्त सात वेळांत तुम्ही ६१७४ ला पोहोचाल. सुरुवातीला १९४७ घेऊन किती पायऱ्या लागतात ते मोजा.

उपक्रम : अकरा एकांचा गुणाकार ओळी मांडून करा. उत्तर काढण्यापूर्वी हातचा कोणकोणत्या घरांत येईल, ते वर्गात उभे राहून मराठीत समजावून सांगा.